सावित्रीची पातळी 5.60 म्हणजे माल हलवायला वेळ किती?

सावित्रीकाठ:
जिल्हा नियंत्रण कक्षाच्या तक्त्यात महाडला सावित्रीची इशारा पातळी 6.00 मीटर, धोका पातळी 6.50. रोह्याच्या कुंडलिकेची मात्र 23.00 आणि 23.95. एवढा फरक कसा? आणि सावित्री 5.60 दिसली तर दुकानातला माल माळ्यावर चढवायला वेळ किती धरायचा?

तलांक:
फरक मोजणीचं शून्य कुठे धरलंय त्याचा आहे. कुंडलिकेचा आकडा, तसाच कर्जतला उल्हासचा (इशारा 48.10), समुद्रसपाटीपासूनचा तलांक, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची उंची, असतो. सावित्रीचा बहुधा तिथल्या नदीकाठच्या मोजपट्टीच्या शून्यापासून. दोन नद्या एकमेकींशी ताडून उपयोग नाही.

वेळेसाठी लागोपाठचे दोन आकडे घ्या. 3 वाजता 5.20 आणि 4 वाजता 5.60, म्हणजे तासाला 40 सेंटिमीटर. धोक्याला 90 सेंटिमीटर उरले, म्हणजे सव्वादोन तास. पण हे 4 पासून! मेसेज पावणेपाचला हातात पडला तर पाऊण तास आधीच गेला. महाबळेश्वर-पोलादपूरकडे पाऊस लागून राहिला असेल तर चढ आणखी वाढतो, तेव्हा उरलेल्याचा निम्माच वेळ आपला समजा. पट्टीवर किती असताना पाणी तुमच्या पायरीला लागतं, ते मागच्या पुरावरून भिंतीवर लिहून ठेवा. धोका पातळीपेक्षा तो आकडा तुमच्या जास्त कामाचा.

खाडीपट्टा:
भरतीची वेळ सोबत बघाच. सावित्री जिथे समुद्राला मिळते त्या बाणकोट खाडीला उधाण असलं की पुराचं पाणी तुंबतं, पाऊस उघडला तरी पातळी उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, पुढे रोज साधारण 50 मिनिटं उशिरा.

तलांक:
बरोबर. शिवाय आकडा तास-दोन तास जागचा हलत नसेल आणि बाहेर मुसळधार असेल, तर पूर थांबला असं धरू नका. पुलाखालचा रडार सेन्सर पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो, ते सेन्सरच्या उंचीतून वजा करून पातळी निघते. नेटवर्क गेलं किंवा ढगाळ दिवसांत सौर बॅटरी उतरली की शेवटचा आकडाच दिसत राहतो. सेन्सरखाली ओंडके अडकले तर पातळी खोटीच जास्त दिसते. अशा वेळी नियंत्रण कक्षाला फोन करून पट्टीवरचं प्रत्यक्ष वाचन आणि त्याची वेळ विचारा.

गोवळकोट:
चिपळूणला वाशिष्ठीसाठीही हेच?

तलांक:
हो, फक्त एक भर. कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं. म्हणून पातळीसोबत कोळकेवाडीचा विसर्गही विचारा.