पत्रिका न जुळलेला शेजार

वय, जेवण, झोपेच्या वेळा, काहीच जुळत नसताना गट्टी जमलेले शेजारी तुमच्या वाट्याला आलेत का? लिहा. भांडणंही लिहा, ती गाळली की मैत्री खोटी वाटते.

मुलुंड
आम्ही मालवणी, समोर श्वेतांबर जैन कुटुंब. राहायला आलो त्याच आठवड्यात बांगडे तळले आणि समोरचं दार धाडकन लागलं. मग लिफ्टमध्ये दोघीही मजल्यांचे आकडे बघत उभ्या.

अबोला सुटला गणपतीत. त्यांची संवत्सरी आपल्या चतुर्थीलाच किंवा एखाद्या दिवसाच्या अंतराने येते. मी मोदक घेऊन बेल वाजवली, तर बेनचा कडक उपवास. उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. त्यांनी हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटलं, मी ताट धरून नुसती उभी! शिळं त्यांना चालत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पारण्याला पुन्हा उकड काढली, मासळी न शिवलेल्या नव्या पातेल्यात. पातेलं आधी त्यांनी तपासलं, हेही सांगते.

आता चिंबोऱ्या आणल्या की मी फोन करते, त्या खिडक्या लावून घेतात. बटाट्याऐवजी कच्चं केळं घातलेली पावभाजी त्यांनीच शिकवली. माझ्या नवऱ्याला ती अजिबात आवडत नाही.

खराडी, पुणे
माझी रात्रपाळी, ग्राहक अमेरिकेतले. पहाटे कॅबमधून उतरायचो तेव्हा शेजारचे काका फिरायला निघालेले. पहिल्यांदा चोर समजून काठीच उगारली. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आता त्यांचा पहिला चहा आणि माझं जेवण एकाच टेबलावर होतं. मुक्कामी गाडीचे किस्से काय असतात! गावच्या पारावर अंघोळ, गाडीतच झोप, पहाटे दूधवाल्यांसकट परत. मी बदल्यात केवायसीचे फसवे मेसेज ओळखून देतो.

वरळी
बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांतून ५०० फुटांच्या घरात आलो. समोर कोण? दहीहंडीला वर्षानुवर्षं आमच्याशी चुरस करणाऱ्या चाळीतले! हंडीच्या दिवशी अजूनही बोलत नाही. घराची दुसरी चावी मात्र त्यांच्याकडेच असते.

डोंबिवली
एवढं गोड नका हो लिहू. वरच्यांच्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं. भांडता भांडता मैत्री झाली, भिशीसुद्धा एकत्र लावली. पाणी आजही पडतंय.