चर्चा: कर्मचाऱ्यांची संघटना नेमकी कुणाची?

जिंतूरकर:
'संघटना म्हणजे पगारवाढ मागणारी टोळी' असं आजकाल पोरं म्हणायलेत. मराठवाड्यातल्या कर्मचाऱ्यानं १९४८ पर्यंत निजामाची चाकरी केली, मग हैदराबाद राज्याची, १९५६ ला मुंबई राज्याची. सेवाज्येष्ठता कुठली धरायची याचेच तंटे. एकट्या कारकुनाच्या अर्जाला कोण विचारतंय? १४ डिसेंबर १९७७ ला कर्मचारी नेते र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो ५४ दिवस चालला. केंद्राइतका महागाई भत्ता ही मागणी होती. आज भत्त्याचा हप्ता वाढला की पेढे वाटणाऱ्यांनी एवढं तरी ठाऊक ठेवावं.

गोदाकाठ:
ठाऊक आहे, काका. मार्च २०२३ पण ठाऊक आहे. जुन्या पेन्शनसाठी तुमचा सात दिवस संप, त्याच आठवड्यात आमच्याकडं गारपीट. गहू आडवा पडलेला आणि पंचनाम्याला तलाठी नाही. शेतकऱ्याला कुठली पेन्शन आहे?

२००५ नंतरचा:
दादा, गारपिटीचं दुःख खरंच, पण संपाची नोटीस आधीच दिलेली होती. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलो म्हणून माझी पेन्शन बाजाराच्या हवाली. शेजारच्या टेबलावरचा आधी लागला, त्याला जुनी, ठरलेली पेन्शन लागू. काम तेच. मागायचं नाही का?

गोदाकाठ:
मागा की. पण पंचनाम्यापुरती चार माणसं कामावर ठेवली असती तर गाव तुमच्या बाजूनं उभं राहिलं असतं. उलट गाव शिव्या देत होतं.

घंटागाडी:
तुमचं भांडण वाचून हसू आलं. मी पालिकेचाच कचरा उचलतो, पण ठेकेदाराचा माणूस. पगार उशिरा, पीएफ कापला का भरला ते कळत नाही. संघटनेच्या हापिसात गेलो तर म्हणाले, 'तुम्ही आस्थापनेवर, म्हणजे पालिकेच्या कायम नोकरीत नाहीत.' मोर्चाला मात्र आम्हाला बोलावणं असतं, पुढं चालायला!

२००५ नंतरचा:
नियम आहे तो. तुमचा मालक ठेकेदार, आमचा पालिका. उद्या वाटाघाटीला बसलो तर अधिकारी पहिला हाच मुद्दा काढतील.

जिंतूरकर:
हे मला पटत नाही. सप्टेंबर २०२३ ला बाह्य संस्थांमार्फत भरतीचा जीआर निघाला, ओरड झाली आणि ऑक्टोबरात रद्द करावा लागला. त्या ओरडीत बेकार पोरं पुढं होती, आस्थापनेवरची नुसती नाही. कायम जागा रिकाम्या होत जातील तशी तुमची सभासदसंख्या कुणाच्या जिवावर टिकेल? अन् गोदाकाठचं म्हणणंही लिहून घ्या: आपत्तीची कामं संपातून वगळायची, हे संघटनेनंच आधी जाहीर करावं. संपबंदीच्या मेस्मा कायद्याची वाट कशाला बघायची?

२००५ नंतरचा:
आपत्तीचं मान्य. ठेक्यावरच्यांना सभासद करायला मात्र संघटनेच्या घटनेत दुरुस्ती लागेल. वार्षिक सभेत दोन तृतीयांश मतं कुठून आणणार?

जिंतूरकर:
ठराव मी लिहून देतो. निवृत्त आहे, मला मत नाही. सूचक तू हो.

घंटागाडी:
वर्गणी किती ते आधी सांगा. पावती रोख घेणार, ठेकेदाराकडून कापून नको.