एका दिवसाची भटकंती आणि शिकार, दोन्हींसाठी हाताने शिवलेली खांद्याची पिशवी कशी निवडावी?

दूरदेशी

मी मूळचा साताऱ्याचा असून गेली नऊ वर्षे नोकरीनिमित्त अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो. तेथे रीतसर परवाना काढून थंडीच्या तोंडावर खारी आणि ग्राउस नावाच्या रानपक्ष्याच्या शिकारीला जातो, आणि एरवी सुट्टीच्या दिवशी अपलेशियन ट्रेलवर सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतकी पायपीट करतो. डिसेंबरात गावी आलो की सज्जनगड आणि वासोटा ठरलेले असतात. पाठीवरच्या सॅकमधून दुर्बीण किंवा काडतूस काढायचे म्हणजे दर वेळी ती उतरवावी लागते, म्हणून खांद्यावरून आडवी घेण्याची, हाताने शिवलेली पिशवी घ्यावी असा विचार आहे. पूर्वीच्या पिशवीचा पट्टा दुसऱ्याच हंगामात, कडीजवळची शिवण उसवून, ऐन उतारावर सुटला. दुर्बीण दगडावर आपटली आणि तिचे एक भिंग निखळले. चामडे घ्यावे की कॅनव्हास, पिशवी केवढी असावी आणि शिवण चांगली आहे हे माझ्यासारख्याने कसे ओळखावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सस्क्वेहानाकाठ

मीही याच राज्यात शिकारीला जातो, म्हणून आधी एक प्रश्न विचारतो: आपण बंदूक कोणत्या खांद्याला लावता? उजव्या खांद्याला लावत असाल तर पट्टा डाव्या खांद्यावरून येऊन पिशवी उजव्या कमरेशी यायला हवी, कारण उलट घेतल्यास दस्ता जेथे टेकतो नेमक्या त्याच जागी पट्टा आणि त्याचे बक्कल येते आणि नेम धरताना दस्ता घसरतो. बक्कल कोठे येईल हे पिशवी शिवायला देण्याआधीच सांगावे.

दुसरी गोष्ट आवाजाची. वेल्क्रोची झडप उघडताना जो फर्रकन आवाज होतो तो शांत जंगलात फार लांब जातो, त्यामुळे चामड्याची वादी आणि पितळी खुंटी हेच उत्तम. येथील नियमानुसार लहान शिकारीच्या (खारी, ग्राउस वगैरेंच्या) हंगामात डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी रंग चहूबाजूंनी दिसावा लागतो, हे आपण जाणताच. रुंद पट्टा त्यातला बराच भाग झाकतो, म्हणून जाकीट थोडे मोठे घ्यावे. मारलेला पक्षी मात्र मुख्य कप्प्यात ठेवू नये. गरम शिकार कोंडून राहिली की मांस लवकर बिघडते, म्हणूनच जुन्या शिकारी पिशव्यांना बाहेरून जाळीचा कप्पा असे. तसा कप्पा करून घ्यावा आणि आत धुता येईल असे फिकट रंगाचे सुती अस्तर लावावे. फिकट कापडावर गोचीड चटकन दिसते, आणि आपल्या भागात गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचा प्रादुर्भाव पाहता ते फार गरजेचे आहे.

करवीरवासी

आमच्या घरात तीन पिढ्या चामड्याचे काम आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आमच्याकडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे वापरतात. ते घट्ट असते, वर्षानुवर्षे चालते आणि वापराने मऊ होत जाते. परंतु दमट हवेत त्याला बुरशी धरते आणि भिजून शेकोटीजवळ वाळवले तर ते कडक होऊन तडकते. शिवाय संपूर्ण चामड्याची पिशवी रिकामीच दीड-दोन किलो भरते. म्हणून आपल्या कामासाठी अंग जाड कॅनव्हासचे, त्यावर मेण चढवलेले, आणि तळ, पट्टा व कडा तेवढ्या चामड्याच्या, असे मी सुचवीन. मेण चढवलेले कापड साबणाने धुऊ नये आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत ठेवू नये, कारण मेण पाघळून कपड्यांना लागते.

शिवण ओळखण्याची खूण सांगतो. हाताच्या शिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसते अडकलेले असतात, आणि एक तुटला की पुढची शिवण सैल पडत जाते. आपल्या पट्ट्याचे बहुधा हेच झाले असावे. कडीजवळ पट्टा दुमडून, चौकोनात शिवून, वर रिव्हेट मारलेले आहे का, हे बोटाने चाचपून पाहावे. रिव्हेट, कडी आणि बक्कल पितळेचेच मागावे. सालीत कमावलेल्या चामड्याला ओल्या लोखंडाचा स्पर्श झाला की तेथे काळा डाग पडतो, तो सहजी निघत नाही, आणि गंज आतून दोराही खातो.

डोंगरवाट

वासोट्यासाठी अशी पिशवी चालेल. बामणोलीहून लाँचने जाऊन त्याच दिवशी परतायचे असते, त्यामुळे दोन लिटर पाणी, डबा आणि दुर्बीण यांना १० ते १२ लिटरची जागा पुरते. कळसूबाईच्या शिड्या किंवा हरिहरच्या कातळातल्या पायऱ्या यांसाठी मात्र ती नेऊ नये. वाकले की एका खांद्यावरची पिशवी पुढे झुलते आणि तोल जातो. न्यायचीच असेल तर कमरेभोवती बांधण्यासाठी दुसरी बारीक वादी हवीच.

एक कळकळीची विनंती आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे हे आपणांस ठाऊकच असेल, पण त्याहून जवळचा धोका असा की तीच पिशवी घेऊन विमानात बसताना एखादे काडतूस कोपऱ्यात राहून गेले, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. काडतुसांचा कप्पा पिशवीला शिवूच नये. तो पट्ट्यात ओवता येणारा वेगळा बटवा असावा आणि तो कायम तिकडच्या घरीच राहावा.

दूरदेशी

सर्वांचे मनापासून आभार. काडतुसांच्या बटव्याचा विचार मला सुचलाच नव्हता. मी बंदूक उजव्या खांद्याला लावतो, तेव्हा पट्टा डावीकडून येईल. करवीरवासी, पट्ट्याची रुंदी किती ठेवावी?

करवीरवासी

चार ते पाच किलो वजनाला दीड इंच कमी पडते, दोन इंच ठेवावी, आणि खांद्यावर येणाऱ्या भागाला आतून मेंढीच्या लोकरीचा तुकडा लावून घ्यावा. मापे घेताना थंडीचे जाकीट अंगात घालूनच घ्यावीत.