पालकांनो, आमदार-खासदारांना ऑनलाइन प्रश्न विचारलाय का कधी? शाळा, कर, सरकारी खर्च... अनुभव लिहा

पाटीपुस्तक:
परवा लेकीच्या वर्गाच्या ग्रुपवर लिंक आली, आपल्या भागातले उमेदवार रविवारी लाइव्ह येणार, पालकांनी शिक्षणाबद्दल प्रश्न विचारा म्हणून. आणि मला एकदम २०२१ आठवलं. शाळा बंद, घरात मुलं दोन आणि मोबाइल एक, आणि तेव्हाच्या आमदारांनी असंच लाइव्ह ठेवलं होतं. मी प्रश्न आधीच लिहून ठेवला होता, नुसता चिकटवायचा. शाळा उघडायच्या आधी मुलींच्या स्वच्छतागृहाला दार बसणार का, आणि त्याचे पैसे कुणाकडे अडकलेत? टाकला. टाकल्या टाकल्या त्याच्यावर "साहेब नमस्कार", "साहेब तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत", जोडलेले हात, गुलाब, ढोल असा लोंढा आला की माझा प्रश्न दिसेनासाच झाला. परत टाकला, परत तेच. मग एका ताईंनी ग्रुपवर सुचवलं, आपण सगळ्याजणी हाच प्रश्न टाकू, एक शब्द न बदलता. सगळीकडे दारच दार दिसायला लागलं तेव्हा कुठे त्यांनी तो मोठ्याने वाचला. "विषय जिल्हा परिषदेचा आहे, पण मी बोलून घेतो." बास, एवढंच. पण ते रेकॉर्ड झालं होतं! तेवढा तुकडा कापून आम्ही त्यांच्या सहायकांना पाठवत राहिलो, कंटाळा न करता. दार बसलं.
तुम्ही काय विचारलंत, काय उत्तर आलं? पक्षाची नावं नकोत, उगाच भांडणं होतात.

रानजाई:
एक शब्द न बदलता ही आयडिया फारच भारी. आता कुकर लावते, रात्री सविस्तर लिहीन.

जमाखर्च:
मी एका लाइव्हमध्ये होतो जिथे एका पालकाने आमदारांना विचारलं, आमच्या इन्कम टॅक्सवर एज्युकेशन सेस कापता मग शाळेला छप्पर का नाही? आमदार म्हणाले तो माझ्याकडे येत नाही, आणि सगळे चिडले. पण ते खरंच बोलत होते हो. आधी २००४ ला २ टक्के प्राथमिक शिक्षणासाठी, मग २००७ ला १ टक्का माध्यमिक-उच्चसाठी, आणि २०१८ पासून आरोग्य आणि शिक्षण मिळून ४ टक्के. हे उत्पन्नावर नाही, कर जो निघतो त्याच्यावर. आणि सेस म्हणजे उपकर असल्यामुळे राज्यांना जो करांचा वाटा मिळतो त्यात हा धरतच नाहीत, सगळा केंद्राकडे. म्हणजे हा प्रश्न खासदाराला विचारायचा.
आमदाराला काय विचारायचं ते सांगतो. शहरात राहणाऱ्यांनी मालमत्ता कराचं बिल काढा. त्यात राज्य शिक्षण उपकर अशी वेगळी ओळ असते, १९६२ च्या कायद्याने. गोळा करते महापालिका किंवा नगरपालिका, जातो राज्याच्या तिजोरीत. मी पुढच्या वेळी बिलाचा फोटोच कमेंटमध्ये टाकला आणि खाली लिहिलं, या ओळीतल्या पैशाचं आपल्या वॉर्डातल्या शाळांपर्यंत काय पोचलं? साहेब पहिल्यांदाच थांबले, बाजूच्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाले, माहिती घेऊन सांगतो. दोन महिन्यांनी खरंच एक कागद आला, अर्धवट होता पण आला.

शेवंता_पाटील:
जमाखर्च दादा, मुंबईच्या बिलात तर दोन दोन ओळी आहेत, महापालिका शिक्षण उपकर वेगळा आणि राज्याचा वेगळा. इतकी वर्षं भरतोय, कधी लक्षच गेलं नव्हतं.

ओसरी:
आणि तो प्रोफेशन टॅक्स? दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापतात तो पण शाळेसाठी का?

जमाखर्च:
नाही ओसरी, तो मुळात रोजगार हमीसाठी आणला १९७५ ला. वर्षाला २५०० च्या वर घेता येत नाही, राज्यघटनेतच मर्यादा आहे. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे फार फाटे फुटतील.

खडूफळा:
मी जि.प. शाळेत शिक्षक आहे, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. पालक लाइव्हमध्ये विचारतात शाळेला निधी का देत नाही, उत्तर येतं कोट्यवधी दिले, आणि दोघांनाही शाळेच्या खात्यात काय येतं ते माहीत नसतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पटानुसार संयुक्त अनुदान असतं, ३० मुलांपर्यंत वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार. त्यात खडू, रजिस्टरं, दुरुस्ती, साफसफाई आणि लाइट बिल. आणि तेही एकरकमी वेळेवर येईल असं नाही. आमच्याकडे मीटर कापून नेला होता, काढलेल्या मीटरच्या जागी भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला होता आणि खाली उघड्या वायरींना मुलांनी हात लावू नये म्हणून आम्ही दप्तराचा पट्टा गुंडाळला होता. बिल शेवटी आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून भरलं. आणि त्याच आठवड्यात डिजिटल शाळेबद्दल ऑनलाइन संवाद होता.
त्या संवादात आमच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष ताईंनी (शेतात काम करतात, शिक्षण सातवी) एवढंच विचारलं, साहेब टीव्ही दिलात, करंट कोण देणार? त्यावर कुणाला काही बोलताच येईना. नंतर ग्रामपंचायतीने बिल भरायचं कबूल केलं आणि अजून भरतात.
शिक्षक बांधव गप्प का बसतात असंही इथे कुणीतरी विचारेल. आम्हाला सोशल मीडियावर सरकारी धोरणाबद्दल लिहिता येत नाही, नियम आहेत. म्हणून तुम्ही पालकांनी विचारायला हवं हो, मनापासून सांगतो.

रानजाई:
सर, त्या ताईंना माझा नमस्कार सांगा _/\_

कुंभारवाडा:
आमचं पोरगं आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या खासगी शाळेतल्या २५ टक्के मोफत जागांतून लागलंय. २०२४ च्या फेब्रुवारीत नियम बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत २५ टक्के नाहीच. धाकटीचा फॉर्म भरायला बसलो तर यादीत इंग्रजी शाळाच दिसेनात. एका नेत्यांच्या लाइव्हमध्ये विचारलं की कायदा केंद्राचा २००९ चा, मग राज्य तो बदलतं कसं? कमेंट उडवली. परत टाकली, मला ब्लॉक केलं. बायकोच्या मोबाइलवरून टाकली. उत्तर नाहीच मिळालं, उत्तर मिळालं हायकोर्टातून, मे महिन्यात स्थगिती आणि जुलैत नियमच रद्द. आमच्यासारखेच पालक गेले होते कोर्टात, त्यांचे उपकार आहेत. धाकटी आता दुसरीत आहे.
मोठ्याच्या शाळेचं अजून वेगळंच, दर जूनला आमच्यासारख्यांना बोलावून सांगतात शासनाकडून प्रतिपूर्ती आली नाही तर तुम्ही ॲक्टिव्हिटी फी भरा. मुलामागे १७,६७० रुपये सरकारने द्यायचे असतात आणि ते थकतात हे खरं, पण ते आमच्या लेकराच्या डोक्यावर का? हे पण विचारलं. साहेबांच्या ऑफिसातून फोन आला, शाळेचं नाव सांगा म्हणाले. सांगावं की नाही यातच आठवडा गेला, पोराला त्रास झाला तर काय. शेवटी सहा पालकांनी मिळून एका कागदावर सह्या करून दिलं, एकट्याचं नाव नको म्हणून. फी मागणं थांबलं.

शेवंता_पाटील:
कुंभारवाडा दादा, वाचून पोटात कालवलं. पोरांना त्रास होईल ही भीतीच तोंड बंद ठेवते. सह्यांचं बरं केलंत.

थेम्सकाठ:
मी इंग्लंडमध्ये असते, जरा वेगळा अनुभव. जुलै २०२४ च्या निवडणुकीआधी इथे आयांमध्ये एकच विषय, खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट. जानेवारी २०२५ पासून तो लागलाही. सरकारचं म्हणणं त्या पैशातून सरकारी शाळांसाठी ६५०० शिक्षक नेमू. माझी मुलं सरकारी शाळेत, त्यामुळे मी खासदारांना ईमेलवर उलटा प्रश्न विचारला, त्या शिक्षकांतले आमच्या शाळेत गणिताचे किती? इथे मेलमध्ये स्वतःचा पत्ता आणि पोस्टकोड द्यावा लागतो, तुम्ही त्यांच्या मतदारसंघातले आहात हे कळलं तरच उत्तर देतात. उत्तर आलं, पानभर, गोडगोड, आणि आकडा नाही. मी परत लिहिलंय.

ओसरी:
थेम्सकाठ ताई, पानभर आणि आकडा नाही, म्हणजे तिकडेही तेच! खासगी फीवर टॅक्स लावला तर इकडे काय होईल कल्पनाच करवत नाही, आत्ताच फीने कंबर मोडलीय. आपल्याकडे शाळेच्या फीवर जीएसटी नाही पण क्लासच्या फीवर १८ टक्के आहे, आणि क्लास लावल्याशिवाय दहावी-बारावीचं पोर घरात कुणी ठेवत नाही. हे मी एका खासदारांना विचारलं होतं, ते म्हणाले जीएसटी कौन्सिल ठरवतं.

माउली_स्टेशनरी:
माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे म्हणून सांगतो, वह्या, पेन्सिल, खोडरबर, शार्पनर यांच्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी शून्य झालाय. जुना माल असेल तरी ग्राहकाला कमी लावायला हवा. लोक विचारतच नाहीत.

ओसरी:
बरं झालं सांगितलंत काका, जूनमध्ये लक्षात ठेवते. मोठ्या चौकोनी वह्या असतात का तुमच्याकडे, २०० पानी?

माउली_स्टेशनरी:
असतात. पण विषय गणवेशाचा पण घ्या कुणीतरी. २०२४ ला सगळ्या राज्यात एकच गणवेश, कापड वरून, शिलाई बचत गटाकडे. आमच्या गावात पंधरा ऑगस्ट जुन्या कपड्यांवर झाला आणि नंतर आलेल्या शर्टात तिसरीतलं पोर दोनदा मावेल. माझ्या सुनेने खासदारांच्या पेजवर त्या शर्टाचा फोटो टाकला, नातवाला घालून. लोकांनी इतका शेअर केला की बस. डिसेंबरात तो निर्णय बदलला, खरेदी परत शाळा समितीकडे. फोटोमुळे झालं असं म्हणत नाही, राज्यभर ओरड होती.

रानजाई:
आले परत. आमचं थोडक्यात लिहिते कारण उद्या सकाळची ड्युटी. खासदार निधी वर्षाला ५ कोटी असतो, खासदार स्वतः खर्च करत नाहीत, कामाची शिफारस जिल्हाधिकाऱ्यांकडे करतात. हे माहीत नव्हतं तोवर आम्ही नुसतं "शाळेकडे लक्ष द्या" लिहायचो, आणि "नक्की ताई" असं उत्तर यायचं. नंतर लाइव्हमध्ये नाव घेऊन विचारलं, दोन खोल्यांच्या पत्र्यांचं काम, अंदाजपत्रक तयार आहे, तुम्ही शिफारस करणार का, हो की नाही? हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी समितीचा ठराव घेऊन दारात. आरटीईप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका, त्यामुळे आम्ही आयाच गेलो, कडेवर पोरं घेऊन. पहिल्या पावसाच्या आधी पत्रे बदलले.

पाटीपुस्तक:
रानजाई!!! हो की नाही असं विचारायला हवं होतं मी पण. रविवारच्या लाइव्हला माझा विषय शिक्षकांचा आहे. आमच्या शाळेत पाच वर्ग आणि शिक्षक दोन, साठ मुलांपर्यंत कायद्यातच दोन आहेत म्हणे, त्यातले एक सर सारखे मतदार यादीच्या कामाला. कसं विचारू?

खडूफळा:
पाटीपुस्तक ताई, असं विचारा: आरटीईच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं देता येतात. यादीचं काम निवडणुकीत धरतात, त्यावर वाद घालू नका, अडकाल. त्याऐवजी विचारा की ते सर बाहेर असतात त्या दिवशी वर्गावर कोण उभं राहणार, त्याची सोय कोण करणार आणि कधीपर्यंत. समितीच्या ठरावात तारखा लिहा, कोणत्या दिवशी सर नव्हते ते. हजेरीपत्रकावर सगळं असतं.

शेवंता_पाटील:
सर, ठरावाचा नमुना असेल तर इथेच टाका ना, व्यनि नको, सगळ्यांनाच लागेल. आमची बैठक शनिवारी आहे.

खडूफळा:
शाळा सुटली की टाकतो, फोटो काढून. अक्षर जरा समजून घ्या.