अल्सर आणि थंड दूध

वर कोणीतरी लिहिलंय की तिखट सोडून थंड दूध प्यायलं की अल्सर (पोटातली जखम) बरा होतो, तर तसं नाहीये हो. दुधाने घटकाभर बरं वाटतं, नंतर अ‍ॅसिड उलट वाढतं. ठेच्याने जळजळ वाढेल पण जखम बहुतेक वेळा एच. पायलोरी जंतूमुळे नाहीतर पेनकिलरमुळे होते. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ मध्ये ते जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली होती (२००५ मध्ये नोबेल मिळालं, रॉबिन वॉरेनसोबत).

आमच्या सासूबाई गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही पेनकिलर आणून घ्यायच्या, वर म्हणायच्या अ‍ॅसिडिटीची गोळी घेते ना, आणि ती पण जेवण झाल्यावर! ती अ‍ॅसिडिटीची गोळी, म्हणजे पँटोप्राझोल, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. तपासणीत एच. पायलोरी जंतू निघाला तर औषधांचा कोर्स साधारण १४ दिवसांचा, चार दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नका आणि नंतर जंतू गेला का ती टेस्ट पण करा. हार्टसाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. तंबाखू, सिगरेट मात्र सोडाच. आणि डांबरासारखी काळी शी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.