डेबियन १२: रीबूटनंतर पोस्टग्रेस आपोआप चालू होत नाही, हाताने केला की होतो

नमस्कार मंडळी,

डेबियन १२ (लिनक्स), पोस्टग्रेस १५ (डेटाबेस सर्व्हर), डेबियनच्याच रिपॉझिटरीतून टाकलेला. डेटा डिरेक्टरी मूळ जागेवरून हलवून वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे. ती डिस्क एफएसटॅबमधून (बूटच्या वेळी कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) '/डेटा' इथे माउंट होते, म्हणजे जोडली जाते. 'नोफेल' (डिस्क नसली तरी बूट अडवू नको) मुद्दाम दिलंय. डिस्कने दगा दिला तरी निदान एसएसएचने आत शिरता यावं.

रीबूट झालं की पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टवर कोणीच नसतं. लॉगिन करून रीस्टार्ट मारला की सगळं सुरळीत. सर्व्हिस 'इनेबल' आहे, तपासलंय. वर स्टेटस हिरवंगार: 'अ‍ॅक्टिव्ह', कंसात 'एक्झिटेड'. म्हणजे चालू समजायचं की बंद?

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) 'स्लीप' घालून स्टार्ट करायचा जुगाड नको आहे. नीट उपाय सांगा.

प्रतिसाद १:
त्या हिरव्या रंगावर जाऊ नका. डेबियनमध्ये 'पोस्टग्रेस्क्यूएल' हे युनिट (सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टमडीची फाइल) नुसतं बुजगावणं आहे. 'ट्रू' कमांड चालवतं आणि संपतं, म्हणून एक्झिटेड. खरा सर्व्हर 'पोस्टग्रेस्क्यूएल@१५-मेन' मध्ये असतो, त्याचं स्टेटस द्या. क्लस्टरच्या (म्हणजे तो सर्व्हर आणि त्याचा डेटा) कॉन्फिग फोल्डरमधली 'स्टार्ट.कॉन्फ' पण बघा. तिथे 'मॅन्युअल' असेल तर बूटच्या वेळी तो क्लस्टर उचललाच जात नाही.

धागाकर्ता:
स्टार्ट.कॉन्फ 'ऑटो' आहे. @ वालं युनिट मात्र 'फेल्ड'! डेटा डिरेक्टरीच सापडत नाही म्हणतंय. 'जर्नलसीटीएल -बी' ने अख्ख्या बूटचा लॉग काढला, तर '/डेटा' माउंट झाल्याची ओळ त्या एररच्या खाली आहे.

प्रतिसाद १:
मग सापडलंच की. 'नोफेल' असलं की बूट त्या माउंटसाठी थांबत नाही. डेबियनच्या युनिटमध्ये 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' (ही जागा माउंट झाल्यावरच सुरू हो) ची ओळ आहे, पण ती 'व्हार' खालच्या मूळ जागेपुरती. तुमची नवी जागा त्याला ठाऊकच नाही.

'सिस्टमसीटीएल एडिट पोस्टग्रेस्क्यूएल@१५-मेन' करा आणि 'युनिट' विभागात एवढंच लिहा:

रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा

मूळ युनिट फाइलला हात लावू नका, पुढच्या अपडेटमध्ये बदल पुसले जातील. नोफेल राहू द्या. डिस्क गायब असेल तर सिस्टमडी साधारण दीड मिनिट वाट बघेल आणि फक्त पोस्टग्रेस उठणार नाही. तेच बरोबर आहे. आणि कृपा करून, डिरेक्टरी दिसत नाही म्हणून रिकाम्या '/डेटा' वर कोणी 'इनिटडीबी' (नवी कोरी डेटा डिरेक्टरी बनवणारी कमांड) चालवू नका. नंतर खरी डिस्क वर येऊन बसते आणि कुठला डेटा कुठे, हे शोधण्यात रात्र जाते.

प्रतिसाद २:
हेच लक्षण 'लिसन_अ‍ॅड्रेसेस' (कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ती पोस्टग्रेसची सेटिंग) मध्ये एकच ठराविक आयपी दिला तरी दिसतं. नेटवर्क वर यायच्या आत पोस्टग्रेस उठला की त्या आयपीला बाइंड होत नाही (जोडला जात नाही) आणि सर्व्हर बंद पडतो. तिथे 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' दोन्हीत 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' द्यावं लागतं. इथे ते प्रकरण नाही, पण उद्या कोणी शोधत येईल म्हणून.

धागाकर्ता:
ओळ टाकली, रीबूट केलं, ५४३२ वर हजर! डिस्क काढून ठेवूनही बूट करून पाहिलं: मशीन उठलं, पोस्टग्रेस 'डिपेन्डन्सी फेल्ड' म्हणून थांबला. आभार.