नवीन क्राउन-पिनियन: पाचशे मैल जपायचं, की त्याच रात्री दणकवायचं?

डेट्रॉइटकर
परवा चौथा_गिअर यांनी लिहिलं की त्यांनी मस्टँगच्या मागच्या डिफरेन्शिअलमधली क्राउन-पिनियनची जोडी (मोठं गिअर-चक्र आणि त्याला फिरवणारं लहान) बदलली, ३.३१ रेशोची काढून ३.७३ ची टाकली, आणि त्याच रात्री ड्रॅग स्ट्रिपवर सात लाँच (उभ्या गाडीतून पूर्ण जोराने सुटणं) मारले. गाडी ठणठणीत. इथवर आनंद आहे. पण नवे गिअर सुरुवातीला जपून चालवण्याबद्दल, म्हणजे ब्रेक-इनबद्दल, शेवटी म्हणतात, "पाचशे मैलांचं ब्रेक-इन ही गॅरेजवाल्यांनी वॉरंटी नाकारायला शोधलेली पळवाट." त्यावर लोकांचे धडाधड अंगठे! म्हणून हे लांबण लावतोय.

माझीही २०१२ ची मस्टँग जीटी, तोच ८.८ इंची मागचा अ‍ॅक्सल, तेच ३.७३. शुक्रवारी संध्याकाळी गिअर बसवून घेतले आणि शनिवारी पहाटे आय-९४ हायवे धरून शिकागो. पावणेतीनशे मैल, सत्तरच्या क्रूझवर, मध्ये एकदा कॉफी. येताना कॅलामझूच्या अलीकडे पाय उचलला की मागून 'ऊंऊं' सुरू. घरी येईपर्यंत बायको म्हणाली, मिक्सर चालू ठेवून गाडी चालवतोयस का. झाकण उघडलं तर पिनियनचे दात निळे आणि ओरखडलेले. गॅरेजवाल्याने हात वर केले. म्हणाला, ब्रेक-इन केलं नाहीस.

अशा गिअरमध्ये, म्हणजे हायपॉइडमध्ये, पिनियन मध्यरेषेच्या खाली असतं, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतातही. नव्या दातांचे बारीक उंचवटे मोडेपर्यंत उष्णता जास्त. म्हणून पंधरा-वीस मिनिटं हलक्या पायाने चालवा, थांबा, झाकणावर तळहात ठेवता येईल इतकं गार होऊ द्या. असं तीनदा. पाचशे मैलांपर्यंत लाँच नाही, आणि मग तेल बदला. यात पळवाट कुठे आहे?

चौथा_गिअर
आली का कीर्तनं! क्राउन आणि पिनियन कारखान्यातच जोडीने लॅप करतात, अपघर्षक लावून, एकमेकांवर फिरवून. जोडीचा नंबर कोरलेला असतो. म्हणजे ब्रेक-इन झालेलंच असतं. शोरूममधून रोज हजारो गाड्या निघतात आणि थेट हायवेला लागतात. त्यांच्या डिफला कोणी वीस मिनिटांनी झोपवतं का?

तुमचा आवाज सेटअपचा आहे साहेब. पाय उचलल्यावर आवाज म्हणजे पिनियनची खोली चुकली किंवा बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) गंडला. तो दाब ठरवणारी क्रश स्लीव्ह जास्त दाबली असेल. गॅरेजवाल्याने स्वतःची चूक तुमच्या गळ्यात मारली आणि तुम्ही ती माळ म्हणून घातलीत.

टेक्सास_वहिनी
शोरूमच्या गाड्यांचं म्हणाल तर माझ्या बीएमडब्ल्यू एम२ ला १२०० मैलांवर रनिंग-इन सर्व्हिस होती. त्यात इंजिन ऑइलबरोबर मागच्या डिफचं तेलही बदलतात. कंपनी ते तेल हौसेने फेकते का? तोपर्यंत फुल थ्रॉटल नाही, असंही मॅन्युअलमध्ये आहे. अर्थात मॅन्युअल वाचणं हा आपल्याकडे कमीपणा समजतात, त्यात पुरुषांकडे जास्त.

चौथा_गिअर
वहिनी, एम गाड्या वेगळ्या. आणि शेवटचं वाक्य अनावश्यक.

सातारचा_पाना
मी जिपा आणि जुन्या जिप्स्या करतो. आयुष्यात मस्टँगखाली शिरलो नाही, पण क्राउन-पिनियन सगळीकडे सारखंच. दातांना निळा रंग लावून ते कुठे टेकतात तो पॅच बघायचा, शिम (पातळ चकती) बदलायची, परत निळं, परत शिम. चार-चार वेळा खोलावं लागतं. आणि गिऱ्हाईक काय म्हणतं? "एका शिमचे एवढे पैसे?" अरे बाबा, शिमचे नाहीत, चार वेळा खोलण्याचे आहेत! तुम्ही लोक तिकडे तासाला डॉलर मोजता आणि हूं की चूं करत नाही. इथे शंभर रुपयांवरून कट्टी.

मुद्द्याचं: दोघंही बरोबर आहात. पॅच दाताच्या टाचेकडे (बाहेरच्या टोकाकडे) गेला असेल तर पाच हजार मैल जपलं तरी तो बोंबलणारच.

चेतक_८४
बाबांनी आठ वर्षं थांबून चेतक घेतली. पहिले दोन महिने काटा चाळीसच्या वर नाही. पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्त. मागे पाटी, 'रनिंग इन', अक्षर आईचं. सायकलवाले पुढे जायचे आणि वळून बघायचे. ती स्कूटर सत्तावीस वर्षं चालली. आजच्या पिढीला धीर म्हणून नाही.

चौथा_गिअर
तुमच्या बाबांच्या चेतकला डिफरेन्शिअल होतं का? मागे एकच चाक होतं हो. टू-स्ट्रोकच्या रिंगा बसवण्याचा आणि हायपॉइड गिअरचा काय संबंध? सगळ्यांचे बाबा इथे पुरावा म्हणून येतात.

चेतक_८४
बाबांवर जायचं काम नाही.

टेक्सास_वहिनी
आमच्या घरी प्रिया स्कूटर होती. तिलाही पाटी होती. शेजारचे काका विचारायचे, गाडी आजारी आहे का.

सातारचा_पाना
चेतक उजवीकडे ओढायची ते रनिंग-इन न केल्यामुळे नाही, इंजिन उजवीकडे होतं म्हणून. लोक माझ्याकडे फोर्क सरळ करायला आणायचे.

चेतक_८४
आमची ओढायची नाही. बाबा डावीकडे रेलून बसायचे. आणि उभी असताना सुरू झाली नाही तर एका बाजूला कलवायची, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी सात लाँचच्या गप्पा मारू नयेत.

भोसरी_भट्टी
स्कूटर जरा स्टँडवर लावा. बावीस वर्षं हीट ट्रीटमेंट केली आहे, गिअरचे टनावारी लॉट काढलेत, म्हणून बोलतो.

चौथा_गिअर, लॅपिंग होतं ते हलक्या भाराखाली. त्याने पॅच जुळतो, पृष्ठभाग रस्त्यावरच्या भाराला तयार होत नाही. ३.७३ म्हणजे ४१ आणि ११ दात, सहमूळ संख्या. पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो, म्हणून घासून बसणं सगळीकडे सारखं होतं. पण त्याला वेळ आणि गार तेल लागतं.

डेट्रॉइटकर, आता तुमचं. कार्ब्युराइज्ड (पृष्ठभागात कार्बन मुरवून कडक केलेल्या) दाताचं टेंपरिंग (कडक केल्यानंतरचं तापवणं) साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसला झालेलं असतं. त्याच्या बऱ्याच वर तापला की दाताचं पाणी उतरलं. पण पोलादावर खरा निळा रंग यायला तीनशेच्या आसपास जावं लागतं. तेवढ्यात तुमचं तेल आणि सील दोन्ही वाजले असते. दात निळे होते, की तेल जळून बसलेला तपकिरी थर होता? फडक्याने पुसला होतात का? आणि बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, किती निघाला?

डेट्रॉइटकर
पुसला नव्हता. तपकिरीकडे झुकणारा निळा म्हणू. सील कोरडं होतं. बॅकलॅश दुसऱ्या गॅरेजने मोजला तेव्हा एका बाजूला सहा थाउ (इंचाचे हजारावे भाग), अर्धा फेरा फिरवल्यावर चौदा.

चौथा_गिअर
अर्ध्या फेऱ्यात आठ थाउचा फरक!! म्हणजे क्राउन डुगडुगत होतं. बोल्ट टाइट करताना खाली कचरा राहिला असणार. आणि ही गोष्ट तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये गिळलीत. ब्रेक-इनच्या नावाने आमची शाळा घेतलीत, आणि मूळ दुखणं हे!

डेट्रॉइटकर
गिळली नाही, महत्त्वाची वाटली नाही. बरं, सेटअप वाईट होता, मान्य. पण वाईट सेटअपवर पावणेतीनशे मैल जवळजवळ न थांबता घासलं म्हणूनच एका दिवसात निकाल लागला. आणि तुमचे सात लाँच झाले, पुढचं तुम्हाला तरी काय माहीत? झाकण उघडलंत?

चौथा_गिअर
उघडणार नाही. ८.८ ला ड्रेन प्लग नसतो, सगळं झाकणच काढावं लागतं. दहा बोल्ट, वर ते गंधकाचं सडक्या अंड्यासारखं तेल.

भोसरी_भट्टी
तीस मैलांवर सात लाँच मारणाऱ्याला दहा बोल्ट जड झाले.

टेक्सास_वहिनी
ट्रॅक-लॉक (फोर्डचं क्लचवालं लिमिटेड-स्लिप डिफ) आहे ना? तेलात त्या क्लचसाठीचं फ्रिक्शन मॉडिफायर घातलंत का? आणि रिकाम्या पार्किंगमध्ये गाडीने आठचे आकडे काढलेत? मी मैत्रिणीच्या गाडीचे रविवारी सकाळी देवळाच्या पार्किंगमध्ये काढले. आरतीला आलेल्या काकू घाबरून आत पळाल्या.

चौथा_गिअर
(चार दिवसांनी) उघडलं. ३१० मैल झालेत. चुंबकावर करडा लगदा, चमचाभर. बोटांत चोळला, मऊ आहे, पण दोन चकचकीत कपच्या मिळाल्या, तांदळाच्या कणीएवढ्या. दातांवरचा पॅच मधोमध आहे. कपच्या गिअरच्या, की बसवताना राहिलेल्या, कोण सांगणार? तेल बदललं. लाँच पाचशेनंतर. याला ब्रेक-इन म्हणायचं नाही, मी फक्त तेल बदललं. गॅरेजभर वास आहे, आईने तिकडून व्हिडिओ कॉलवर नाक धरलं.

डेट्रॉइटकर
कपच्या डबीत ठेवा. आणि 'पळवाट' हा शब्द मागे घ्या.

चौथा_गिअर
तुमच्या गॅरेजवाल्यापुरता तर मुळीच नाही.

चेतक_८४
प्रियाला पाटी कशाला? तिचं रनिंग-इन निम्मंच होतं.

टेक्सास_वहिनी
कोणी सांगितलं निम्मं??